एक चूल, अनेक वाटे

१. पारावरचा प्रश्न

एकाच आईच्या कुशीत वाढलेले, एका ताटात जेवलेले आणि एका पांघरुणाखाली निजलेले दोन भाऊ पुढे शेताच्या बांधावरील हातभर रुंद पट्टीसाठी मामलेदाराच्या कचेरीपासून दिवाणी न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षे खेटे का घालतात, हा प्रश्न महाराष्ट्रातील कोणत्याही गावाच्या पारावर आजही ऐकावयास मिळतो. त्याला जोडून दुसराही एक प्रश्न विचारावयास हवा, पण तो सहसा कोणी विचारीत नाही. याच दोघांपैकी एकाचा बैल ऐन पेरणीत मेला, किंवा मूल अपरात्री तापाने फणफणले, म्हणजे सर्वांआधी दारात येऊन उभा राहतो तोही बहुधा तो दुसरा भाऊच, हे कसे? आपल्या भाषेने हे कोडे फार पूर्वी हेरून ठेविले आहे. 'भाऊबंद' म्हणजे जवळचे आप्त. त्याच शब्दापासून झालेल्या 'भाऊबंदकी'चा अर्थ मात्र आप्तांतील वैर. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला, आणि त्यामागील चुलत्या-पुतण्याच्या कलहावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी पुढे नाटक लिहिले, तेव्हा त्यांनी त्याला हेच नाव दिले.

या कोड्याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. काळ बिघडला आणि माया आटली, हे एक. सुना घरात आल्या आणि भाऊ दुभंगले, हे दुसरे. महाभारताची कथा चुलतभावांच्या वाटणीवरच उभी असल्यामुळे पहिले उत्तर इतिहासाला पटण्यासारखे नाही, आणि दुसरे न्यायबुद्धीला पटण्यासारखे नाही. सुमारे साठ वर्षांपासून जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र ही दोन शास्त्रे, एकमेकांपासून पुष्कळशी अलिप्त राहून, याच प्रश्नाकडे वळली असून त्यांच्या उत्तरांत विलक्षण साम्य आहे. कुटुंबातील माणसांचे हित काही अंशी एक असते आणि काही अंशी वेगळे असते. जेवढे एक, तेवढे सहकार्य, आणि जेवढे वेगळे, तेवढी कलहाला जागा. माया आटली म्हणून भांडण होते असे नसून, माया असतानाही भांडण होऊ शकते, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण आहे.

२. नात्याचे मोजमाप

नाते सांगताना आपण सख्खा, सावत्र, चुलत, चुलत-चुलत असे अंतर मोजीत जातो. जीवशास्त्रही हेच अंतर मोजते, फक्त ते अपूर्णांकात. आईजवळ बियाण्याची एक कणगी आहे आणि वडिलांजवळ दुसरी आहे, असे समजा. प्रत्येक मूल जन्मास येताना दोन्ही कणग्यांतून निम्मे निम्मे बी, निवड न करता, घेऊन येते. हे दाणे म्हणजे आपली जनुके, म्हणजे शरीराची घडण ठरविणाऱ्या वारशाच्या सूचना. माझ्या वाट्याला आलेला एखादा विशिष्ट दाणा माझ्या सख्ख्या भावाच्या वाट्यालाही आला असण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून सख्ख्या भावंडांचे नाते १/२ धरतात. सावत्र भावंडांची एकच कणगी सामाईक असल्यामुळे त्यांचे नाते १/४. चुलतभावाचे गणितही अवघड नाही. माझ्याकडील दाणा वडिलांकडून आला असण्याचा संभव निम्मा, तो काकांकडेही असण्याचा निम्मा, आणि काकांनी तो आपल्या मुलास दिला असण्याचा निम्मा. निम्म्याचे निम्मे आणि त्याचेही निम्मे, म्हणजे १/८. सर्व मनुष्यांची बहुतेक जनुके सारखीच असतात हे खरे, परंतु या हिशेबात धरावयाचा तो जवळच्या पूर्वजाकडून एकत्र आलेला अंश.

विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९६४ साली या अपूर्णांकावरून एक नियम मांडला. आप्ताला होणाऱ्या लाभाला नात्याच्या अपूर्णांकाने गुणावे. येणारी संख्या स्वतःला सोसाव्या लागणाऱ्या झळीपेक्षा मोठी असेल, तर तसे साहाय्य करण्याची प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते. उदाहरणार्थ, माझी झळ २ आणि आप्ताचा लाभ ५ असेल, तर सख्ख्या भावाच्या बाबतीत पाचाचे निम्मे अडीच, आणि अडीच हे दोहोंपेक्षा अधिक. येथे त्याग टिकतो. चुलतभावाच्या बाबतीत मात्र पाचाचा आठवा भाग एकाहूनही कमी भरतो आणि त्याच त्यागाला आधार उरत नाही. हे आकडे रुपयांचे नव्हेत. जगून वाढणाऱ्या संततीचे आहेत. १९५७ साली भारतात येऊन येथलेच झालेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, भावासाठी प्राण द्याल काय, असे विचारता ते म्हणाले, एका भावासाठी नाही, परंतु दोन भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी देईन. त्या उत्तरात हॅमिल्टनचे गणित बीजरूपाने आलेच आहे.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. बुडणाऱ्या भावासाठी नदीत उडी घेणारा माणूस अपूर्णांकांचा गुणाकार करीत नाही. त्याच्या मनात उसळते ती निखळ माया. शास्त्राचे म्हणणे एवढेच की अशी माया ज्यांच्या ठायी होती त्यांचे आप्त अधिक प्रमाणात वाचले, आणि त्या आप्तांबरोबर ती मायाही वारशाने पुढे आली. मायेचे मूळ सांगितल्याने माया खोटी ठरत नाही.

३. आईची समदृष्टी आणि लेकराचा हट्ट

सहकार्य जेथून उगवते, त्याच अपूर्णांकातून कलहही उगवतो. हे रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७४ साली दाखविले, आणि त्यासाठी त्याने निवडलेली घटना प्रत्येक घराला परिचित आहे: मुलाचे अंगावरचे दूध तोडणे.

आईचे आपल्या प्रत्येक मुलाशी नाते १/२ असते. तिच्या दृष्टीने दोन्ही मुले सारखीच. परंतु मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर त्याचे स्वतःशी नाते पूर्ण, म्हणजे १, आणि पाठच्या भावंडाशी १/२. समजा, आणखी काही महिने दूध पाजल्याने थोरल्याला ३ इतका लाभ होणार आहे, आणि तेच बळ राखून ठेविल्यास पुढच्या बाळाला ४ इतका लाभ होणार आहे. आई तीन आणि चार यांची थेट तुलना करते आणि म्हणते, आता पुरे. थोरला चाराचे निम्मे करतो, दोन येतात, आणि दोहोंपेक्षा तीन मोठे म्हणून आक्रोश करतो. पुढे तो भाकरी खाऊ लागतो, दुधाचा लाभ एकावर येतो, आणि मग एक हे दोहोंपेक्षा लहान असल्यामुळे त्याचाही हट्ट ओसरतो. म्हणजे दूध तोडण्याच्या काळात काही महिने असे असतात की आईचे बरोबर असते आणि लेकराचेही त्याच्या परीने बरोबर असते. भावंडांतील खाऊच्या वाटणीवरून उठणारे रडे याच जातीचे आहे. आई 'दोघांना सारखे' म्हणते. प्रत्येक मूल मात्र भावंडाच्या घासाला आपल्या घासाच्या निम्मेच मोल देण्याची उपजत ओढ घेऊन आलेले असते, आणि त्या ओढीला वळण लावणे हेच संगोपन.

ही रस्सीखेच जन्मापूर्वीच सुरू होते, असे डेव्हिड हेग यांनी १९९३ साली प्रतिपादन केले. गर्भाची वार आईच्या रक्तात असे स्राव सोडते की ज्यामुळे आईच्या इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, रक्तातील साखर अधिक वेळ टिकते आणि गर्भाला अधिक पोषण मिळते. उलट बाजूने आईचे शरीर अधिक इन्सुलिन निर्माण करून तोल सांभाळते. दोन्ही बाजूंनी दोर ताणलेला असतो म्हणूनच तो स्थिर दिसतो. एक बाजू सैल पडली की तोल जातो आणि गरोदरपणातील मधुमेह डोके वर काढतो. एवढ्या जवळिकीतही हित पुरते एक नसते, ही गोष्ट मनुष्याला नम्र करणारी आहे.

४. केनियातील एक एकत्र कुटुंब

आपल्याकडे तारेवर बसून माश्या टिपणारा हिरवा वेडा राघू सर्वांनी पाहिलेला असतो. त्याचाच एक पांढऱ्या कपाळाचा आफ्रिकी भाऊबंद केनियात मातीच्या दरडींत बिळे करून वसाहतीने राहतो. स्टीफन एम्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून पाहिले की येथे एकत्र कुटुंबे नांदतात आणि तरुण नर पुष्कळदा स्वतःचे घरटे न मांडता बापाच्या पिल्लांना भरवितात. हे झाले सहकार्य. परंतु १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांतून या चित्राची दुसरी बाजूही पुढे आली. तरुण नराने वेगळा संसार मांडावयास घेतला, की कित्येकदा बापच तेथे येऊन तो मोडतो. मुलगा मादीला घास भरवीत असता मध्ये शिरतो, बिळाच्या तोंडाशी बसून वाट अडवितो, आणि अखेर मुलगा मुकाट्याने बापाच्या घरी परत येऊन राबू लागतो.

मुलगा एवढ्या लवकर का नमतो? अपूर्णांक पाहा. मुलाची स्वतःची पिल्ले त्याला १/२ नात्याची, आणि बापाच्या घरची पिल्लेही, सख्खी भावंडे असल्याने, १/२ नात्याचीच. त्याच्या मदतीने तेथे जवळजवळ तेवढीच अधिक पिल्ले वाढणार असतील, तर त्याचे फारसे बिघडत नाही. बापाला मात्र नातवंड १/४ नात्याचे आणि स्वतःचे पिल्लू १/२ नात्याचे. म्हणजे त्याचा लाभ दुप्पट. ज्याचे हित मोठे आणि बळही मोठे, त्याचा आग्रह चालतो. ज्याचे नुकसान थोडे, तो वाद वाढवीत नाही. बाहेरून जे केवळ प्रेमळ एकोपा म्हणून दिसते, त्यात कोणाचा शब्द चालला हे पाहिल्याशिवाय त्या एकोप्याचे स्वरूप कळत नाही.

५. कर्त्याची थैली

आता अर्थशास्त्राकडे वळू. गॅरी बेकर यांनी घर हेच एक उत्पादनाचे आणि वाटपाचे केंद्र मानून त्याचे शास्त्र रचले; १९८१ साली त्यांचा कुटुंबावरील मोठा ग्रंथ निघाला आणि १९९२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा एक सिद्धान्त नाठाळ मुलाचा सिद्धान्त म्हणून प्रसिद्ध आहे. कर्ता पुरुष मायाळू असेल आणि थैली त्याच्या हाती असेल, तर घरातील स्वार्थी माणूसही आपण होऊन सर्वांच्या हिताचे वागू लागतो, असा त्याचा आशय.

दोन भाऊ प्रत्येकी १०० मिळवितात आणि वडिलांजवळ दोघांना देण्यासाठी आणखी १०० आहेत. वडील सर्व रक्कम एकत्र करून समान वाटतात. प्रत्येकाला १५० मिळतात. आता थोरल्याला असा एक मार्ग दिसतो की ज्यात त्याला २० अधिक मिळतील, पण धाकट्याचे ५० बुडतील. तो त्या मार्गाने गेला, तर थोरल्याचे १२०, धाकट्याचे ५० आणि वडिलांचे १०० मिळून २७० होतात आणि प्रत्येकाच्या हाती १३५ पडतात. धाकट्याला लुबाडण्याच्या नादात थोरल्याचेच १५ बुडाले. म्हणून मनात प्रेम नसले तरी तो त्या वाटेला जात नाही. कर्त्याच्या समान हातामुळे प्रत्येकाला संपूर्ण घराची काळजी वाहावी लागते, आणि आपल्या एकत्र कुटुंबांचा चांगला काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सत्य अनुभवाने ठाऊक आहे.

मात्र या सिद्धान्ताला एक अट आहे, आणि ती जॅक हर्शलायफर यांनी १९७७ साली शेक्सपिअरच्या लिअर राजाचा दाखला देऊन दाखविली: शेवटचा शब्द कर्त्याचा असला पाहिजे. थैली आधीच रिकामी केली की पुढच्या वागणुकीवर तिचा अंमल राहत नाही. मराठी वाचकाला यासाठी इंग्लंडला जाण्याचे कारण नाही. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधील अप्पासाहेब बेलवलकर सर्व काही मुलांना देऊन मोकळे होतात आणि मग निवाऱ्याला पारखे होतात, त्यातील व्यथा हीच.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांतही याच मुद्द्यावर दोन पंथ होते. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरेप्रमाणे पुत्राला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हिस्सा मिळतो. बंगालमध्ये मान्य असलेल्या जीमूतवाहनांच्या दायभागाप्रमाणे पित्याच्या मृत्यूनंतरच पुत्राचा हक्क सुरू होतो. म्हणजे दायभागात शेवटचा शब्द पित्याचा, आणि मिताक्षरेत पित्याच्या हयातीतही पुत्राला उभे राहण्यास स्वतःची जमीन. २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी झालेल्या केंद्रीय कायद्याने हाच तोल दुसऱ्या मार्गाने साधला. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, रद्द ठरविण्याची तरतूद त्यात आहे.

६. थैली एक की दोन?

बेकर यांच्या विवेचनात घराची थैली एकच असते. ती खरोखरच एक असेल, तर पैसा नवऱ्याच्या हाती आला काय आणि बायकोच्या हाती आला काय, खर्च सारखाच व्हावयास हवा. हे पारखून पाहण्याची संधी ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस आली. तोवर मुलांसाठीची सवलत बहुतांशी पित्याच्या प्राप्तिकरातून मिळत असे. ती काढून त्या ठिकाणी मातेच्या हाती रोख भत्ता देण्यात येऊ लागला. घर तेच, पण हात बदलला. लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स यांनी १९९७ साली दाखविले की त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या मानाने स्त्रियांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरील खर्च वाढला. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय वृद्धांना पुरेसे निवृत्तिवेतन मिळू लागल्यावर एस्थर द्यूफ्लो यांना आढळले की ते आजीच्या हाती येत असलेल्या घरांतील नातींचे वजन उंचीच्या मानाने सुधारले. आजोबांच्या हाती येत असता तसा परिणाम दिसला नाही.

बुर्किना फासो या देशात तर नवरा-बायको शेताचे तुकडेही वेगवेगळे कसतात. क्रिस्टोफर उड्री यांनी १९९६ साली दाखविले की एकाच घरात, एकाच वर्षी, एकाच पिकाचे उत्पन्न स्त्रियांच्या तुकड्यांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी येते, कारण खत आणि मजुरी पुरुषांच्या तुकड्यांकडे ओढली जाते. त्यातले थोडे खत बाईच्या तुकड्यात पडते, तर एकंदर घराचेच धान्य वाढते. म्हणजे आतल्या ताणामुळे सबंध घराचे नुकसान होत असतानाही तो ताण सुटत नाही.

अमर्त्य सेन यांनी १९९० साली या स्थितीला सहकार्यातील संघर्ष म्हटले. एकत्र राहण्यात दोघांचाही लाभ असतो, हे सहकार्य. त्या लाभाची वाटणी कशी करावयाची, हा संघर्ष. वाटणी ठरते ती, संसार मोडला तर कोण कोठे उभा राहील, यावर. समजा, एकत्र संसारात दोघांना १० पायली धान्य मिळते. वेगळे झाल्यास नवऱ्याला ४ आणि बायकोला १ मिळेल. एकत्र राहण्याचा लाभ ५; तो निम्मा वाटला, तर नवऱ्याच्या वाट्याला साडेसहा आणि बायकोच्या वाट्याला साडेतीन येतात. आता बायकोच्या नावावर थोडी जमीन झाली आणि वेगळे राहून तिला ३ पायली मिळू शकतील, असे धरा. एकत्र राहण्याचा लाभ आता ३ उरतो; तो निम्मा वाटून नवऱ्याला साडेपाच आणि बायकोला साडेचार. संसार मोडला नाही, कोणी कोणाला दुखविले नाही, केवळ पाठीशी जागा आहे एवढ्याने ताटातील वाटा बदलला. या जागेला अर्थशास्त्रात मोठी नावे आहेत. आपल्या स्त्रियांनी तिला शतकानुशतके 'माहेर' म्हटले आहे.

७. सातबारावरचे नाव

परंतु माहेर हे दुसऱ्याच्या मर्जीवरचे घर असते. वडील आहेत तोवर दार उघडे. पुढे भावाच्या आणि भावजयीच्या मनावर. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात वारस केले, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सेदार ती नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरता, तो हक्क दिला, आणि २००५ साली संसदेने तो देशभरातील मुलींना दिला. महाराष्ट्र व कर्नाटकातील १९९४ च्या बदलाचा अभ्यास क्लाउस डाइनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. मुलींना जमिनीत वारसा मिळण्याचे प्रमाण वाढले आणि त्यांचे शिक्षणही वाढले, मात्र भावांशी बरोबरी झाली नाही, असे त्यांना दिसले.

बरोबरी का झाली नाही, याचे एक उत्तर उपनिबंधकाच्या कचेरीत पाहावयास मिळते. तेथे अनेक बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून आपला हिस्सा भावाला देऊन टाकतात. ती माया असते यात शंका नाही. परंतु हिस्सा मागितला तर दिवाळीला माहेरचे दार बंद होईल, ही भीतीही त्या सहीत मिसळलेली असते, आणि जेथे भीती मिसळली तेथे ती सही केवळ मायेची म्हणता येत नाही. केनियातील त्या तरुण पक्ष्याप्रमाणे, ज्याला अडून बसण्यास जागा नाही तो लवकर नमतो, आणि आपण त्या नमण्याला समजूतदारपणा म्हणतो.

मनुष्य आणि पाखरू यांत एक मोठा भेद आहे. पाखराला वाटणीपत्र लिहिता येत नाही, आपल्याला येते. दत्तक मुलाला पोटच्या मुलाप्रमाणे वाढविणारे आई-बाप हेही दाखवून देतात की जनुकांचे अपूर्णांक हे आपल्या स्वभावाचा आरंभ सांगतात, मर्यादा सांगत नाहीत. आपले हित पुरते एक नाही, हे घरातील माणसांनी एकदा शांतपणे मान्य केले, तर प्रत्येकाचा वाटा वेळीच आणि स्वच्छ लिहून ठेवता येतो. आई-बापांना त्यांच्या हयातीपुरता आधार, मुलींना मुलांइतका हिस्सा, आणि बांधावर दोघांच्या संमतीने रोविलेला दगड. असा दगड रोवला गेला म्हणजे भावाच्या घरी जाताना मनात हिशेब ठेवावा लागत नाही. आणि सातबाऱ्यावर आपले नाव असलेली बहीण भाऊबीजेला ओवाळावयास येते, तेव्हा ते केवळ ओवाळावयासच येणे असते.